पोरगी म्हणते सूडोस्पार्कवर काम करायचंय, स्कोप आहे का?

नमस्कार दादा,

पत्र वाचलं. मुलगी सोलापुरातच बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, सेमिनारला सूडोस्पार्क घेतला आणि आता म्हणते यातच पुढं जायचं, तुम्ही चिंचोळी एमआयडीसीत लेथवर, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बीएड नाहीतर बँकेची परीक्षा बरी. काळजी रास्त आहे तुमची, पण आधी ती कशाबद्दल बोलतेय ते बघू.

घरातली ट्यूबलाइट म्हणजे गॅस डिस्चार्जच, गॅसमधून वीज वाहते. सूडोस्पार्क हा त्यातलाच एक प्रकार. त्यात गॅस ट्यूबलाइटपेक्षा विरळ, हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका, कॅथोड म्हणजे उणे टोक आतून पोकळ, आणि त्याला आणि ॲनोडला, म्हणजे अधिक टोकाला, समोरासमोर भोकं. हजारो व्होल्ट दिले तरी एवढ्या विरळ गॅसमधे जवळच्या अंतरात डिस्चार्ज पेटत नाही, त्याला लांबचा रस्ता लागतो, मग तो भोकातून पोकळीत शिरतो आणि इलेक्ट्रॉनचा बारीक पण प्रचंड दाट झोत ॲनोडच्या भोकातून बाहेर येतो. जर्मनीत एर्लांगनला १९७९ मधे हे सापडलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की झोत वाटेतल्या गॅसचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, करतो आणि तेच आयन त्याला पांगू देत नाहीत, त्यामुळं जड मॅग्नेट लागत नाही. हा झोत आतून खाचा पाडलेल्या नळीतून गेला की ३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या मिलिमीटर लहरी काढता येतात, ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात यावर बरंच काम झालंय.

आता तुमच्या धंद्यातलं. ९४ गिगाहर्ट्झला लहर ३.२ मिलिमीटरची, म्हणजे नळीच्या खाचा त्याहून बारीक, आत टूल जाणार कसं? तर ॲल्युमिनियमच्या दांडीवर बाहेरून खाचा टर्न करायच्या, वर तांब्याचा जाड थर चढवायचा आणि ॲल्युमिनियम विरघळवून टाकायचं, नळी तयार. तिच्याकडनं ड्रॉइंग मागून घ्या, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

नुसत्या सूडोस्पार्कवर जाहिरात निघत नाही, हे खरं. पण त्यासाठी जे शिकावं लागतं, व्हॅक्यूम, हाय व्होल्टेज, मायक्रोवेव्ह, ते पिलानीच्या सीरी या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेत, गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत, बंगळुरूच्या डीआरडीओच्या मायक्रोवेव्ह ट्यूब लॅबमधे, मुंबईच्या समीर या मायक्रोवेव्ह संशोधन संस्थेत लागतंच. जागा कमी असतात, आणि एमएस्सी-पीएचडी धरून सात वर्षं तरी जातात. तिला जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्यायला लावा, फॉर्म साधारण सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, आयआयटीत नंबर नाही लागला तर आपलं सोलापूर विद्यापीठ आहे. पुढं नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे पीएचडीचा खर्च तुमच्यावर पडत नाही. बीएड एमएस्सीनंतरही करता येतं.

एक मात्र करा. कॉलेजच्या सरांना सांगून तिला आठवडाभर व्हॅक्यूम पंपावर बसू दे. मी एमएस्सीला असताना ओ-रिंगवरच्या एका केसापायी तीन दिवस गळती शोधत होते, रडायला आलं होतं, पण चौथ्या दिवशी गेजचा काटा खाली आला तेव्हा जेवायचं पण सुचलं नाही. तिला तसं काम जमतं का आणि आवडतं का ते बघा, आणि मग तिलाच मला लिहायला सांगा, जॅमचा अभ्यास कुठून सुरू करायचा ते आम्ही दोघी ठरवू.