सगळे जण इलेक्ट्रिक वाहनांकडे वळले तर वीज पुरेल का आणि पेट्रोल पंपांचे काय होईल?

वीज पुरेल. कोल्हापुरात फौंड्री चालवणारा माणूस म्हणून मी हे ठामपणे सांगतो, कारण विजेचे बिल हा आमच्या धंद्यातील सर्वांत जड कागद असतो. आमच्या इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेवर चालणाऱ्या भट्टीत) एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 600 युनिट वीज लागते आणि तेवढ्याच विजेवर एक लहान इलेक्ट्रिक कार सुमारे 4,000 किलोमीटर धावू शकते. खरी अडचण येईल ती संध्याकाळी, जेव्हा सूर्य मावळलेला असेल आणि एकाच ट्रान्सफॉर्मरवरील सगळी घरे एकदम गाड्या चार्जिंगला लावतील. शिवाय देशातील वीज अजून मुख्यतः कोळशावर तयार होत असल्याने शहरातील धुराचा काही भाग चंद्रपूर आणि कोराडी या कोळशावरील वीज केंद्रांच्या गावांच्या वाट्याला जाईल. पंपांची मला फारशी चिंता वाटत नाही. ज्यांच्याकडे हमरस्त्यालगत जागा आहे, त्यांना दुसरा व्यवसाय सापडतो. पेट्रोल-डिझेलवरील कर बुडाला की सरकार तो दुसऱ्या मार्गाने वसूल करील, एवढे मात्र गृहीत धरावे.

या चर्चेत सुटे भाग बनवणाऱ्यांचा विषय कोणी काढत नाही, म्हणून हे उत्तर लिहायला घेतले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फौंड्र्यांमधून सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम अशी कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, बाहेर पडतात. इलेक्ट्रिक गाडीत यांपैकी पहिल्या तिन्हींना जागाच नाही, आणि मोटारीचे आवरण ॲल्युमिनियमचे असते, जे बहुधा प्रेशर डाय कास्टिंगने, म्हणजे वितळलेला धातू यंत्राने दाबून साच्यात भरून बनते. त्या यंत्राला पोलादी डाय, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा साचा, लागते. आमचे वाळूचे साचे तेथे उपयोगाचे नाहीत.

वाळूत साचा उठवण्यासाठी भागाची जी प्रतिकृती लागते तिला पॅटर्न म्हणतात. ज्या पॅटर्नमेकरकडून आम्ही वर्षानुवर्षे पॅटर्न करून घेत आलो, त्यांचे दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते. ग्रे आयर्न, म्हणजे बीड, थंड होताना साधारण 1 टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि ही वाढ आधीच धरलेली वेगळी पट्टी वापरून ते सागवानात असे काम करत, की पहिलेच कास्टिंग ड्रॉइंगबरहुकूम उतरे. पुढे ग्राहक धातूचे पॅटर्न मागू लागले, तेव्हा पन्नाशीच्या आसपास असलेला हा माणूस संगणकावर मॉडेल काढायला शिकला आणि त्याने कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कोरणारे यंत्र घेतले. त्यानंतर काही काळाने आमच्या एका मोठ्या ग्राहकाने नवीन इंजिनांचा विकास थांबवला. आमचे टनेज लगेच घटले नाही, कारण चालू मॉडेलचे भाग जातच होते. पण नव्या इंजिनाचे ड्रॉइंग येईना, आणि ड्रॉइंग नाही म्हणजे पॅटर्न नाही. फौंड्रीची भट्टी पेटती असतानाच पॅटर्नमेकरचे दुकान बंद पडते, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्यांनी यंत्र तोट्यात विकले, कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले.

पुण्यात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे माझे मेहुणे दर दिवाळीला मला सांगतात, की तंत्रज्ञान बदलते तसे माणसांनी नवीन कौशल्य शिकावे, त्यात रडण्यासारखे काही नाही. हे मत मला सपशेल चुकीचे वाटते. तो माणूस शिकला होता, तेही स्वतःच्या खर्चाने आणि उतारवयाकडे झुकल्यावर! कमी पडले ते भांडवल. केंद्र सरकारने 2021 मध्ये वाहन उद्योगासाठी 25,938 कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्यात सुटे भाग बनवणाऱ्या प्रस्थापित कंपनीसाठी समूहाच्या उलाढालीची अट किमान 500 कोटी रुपये होती. उद्यमनगरातील कोणते दुकान त्या दारात उभे राहू शकले असते? गाडी घेणाऱ्याला अनुदान मिळाले, बॅटरीचे सेल बनवणाऱ्या बड्या कंपन्यांसाठीही प्रोत्साहन मंजूर झाले, आणि ज्याचे काम या धोरणामुळे गेले त्याला शिकण्याचा उपदेश मिळाला. तुमच्या घरातही कोणी असा उपदेश करत असेल, तर त्याला एवढेच विचारा, की शिकलेल्या माणसाचे थकलेले हप्ते कोण भरणार?

मी इलेक्ट्रिक वाहनांच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नये. शिरोलीला जाण्या-येण्यासाठी मी स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर वापरतो, आणि कच्च्या तेलाच्या बाबतीत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून असलेल्या देशाने हा मार्ग धरणे योग्यच आहे, जरी बॅटरीचे सेल आणि मोटारीतील चुंबक यांसाठी आज आपण चीनकडे पाहत असलो तरी. हा बदल रातोरात होणारही नाही: ट्रॅक्टर, अवजड ट्रक आणि जनरेटर यांची डिझेल इंजिने बराच काळ टिकतील, पंप आणि कॉम्प्रेसर यांना बिडाची कास्टिंग लागतच राहतील, आणि आमची फौंड्री आज त्याच कामावर उभी आहे. ज्याच्याकडे भट्टी आहे त्याला असा दुसरा ग्राहक शोधता येतो. माझे म्हणणे भट्टी नसलेल्यांविषयी आहे, म्हणजे पॅटर्नमेकर, जॉब वर्कवर बोअरिंग-होनिंग (सिलिंडरचे भोक मापात कापून गुळगुळीत करणे) करणारे, दोन लेथ घेऊन बसलेले. त्यांच्या यंत्रांवरील कर्जाला मुदतवाढ आणि व्याजात सवलत मिळाली पाहिजे, आणि ती दुकान बंद पडण्याआधी मिळाली पाहिजे.