मायकॉम रिलेत बदललेलं सेटिंग परत जुनंच दिसतंय

चाकणच्या प्लांटमध्ये २२ केव्ही इनकमरवर (बाहेरची वीज प्लांटमध्ये येते तो ब्रेकर) मायकॉम पी-१४१ हा प्रोटेक्शन रिले, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर उडवणारं उपकरण, आहे, पुढच्या पॅनेलवरून ओव्हरकरंटचा टीएमएस (ट्रिपचा वेळ कमी-जास्त करणारा गुणक) ०.२ चा ०.१ केला, एंटर दाबलं, आकडा बदललाही. जेवून आल्यावर बघतो तर पुन्हा ०.२, असा तुमचा प्रश्न. रिले ठीक आहे. काम अर्धवट राहिलंय.

त्या एंटरने आकडा नुसता कच्च्या वहीत गेला. या रिलेत प्रोटेक्शन आणि डिस्टर्बन्स रेकॉर्डरची (फॉल्टच्या वेळची नोंद ठेवणारा भाग) सेटिंग्ज आधी तात्पुरत्या जागी साठतात, तोवर ट्रिपिंग जुन्याच आकड्यांवर चालतं. मागे येत कॉलमच्या नावापर्यंत पोचून मेनूतून बाहेर पडू लागलात की डिस्प्लेवर 'अपडेट सेटिंग्ज? एंटर ऑर क्लिअर' येतं. एंटर दिलं तर सगळे बदल एकदम लागू, क्लिअर दिलं तर सगळे रद्द. काहीच न दाबता १५ मिनिटं गेली तर मेनू टाइमआउट होतो आणि बदल गेले. तुमचं बहुतेक हेच झालंय.

अनेकांना हा ताप वाटतो, मला ही सोय वाटते. समजा पिकअपही (ज्या करंटच्या वर रिले जागा होतो तो आकडा) खाली आणायचाय आणि कर्व्हही (किती करंटला किती वेळात ट्रिप, ते ठरवणारा) बदलायचाय. एकेक आकडा लगेच लागू झाला असता तर चालू लोडवर मधल्यामध्येच ब्रेकर उडण्याची भीती. म्हणून सगळे बदल एका दमात करा, परत फिरून वाचा आणि मगच शेवटचं एंटर. शंका आली तर खुशाल क्लिअर. मात्र कम्युनिकेशनसारख्या कंट्रोल-सपोर्टच्या सेटिंग्जना हे संरक्षण नाही, ती भरली की तिथेच लागू होतात.

एंटर दिल्यावर ॲक्टिव्ह ग्रुप बघा, म्हणजे रिलेतल्या सेटिंग्जच्या संचांपैकी सध्या कुठला चालू आहे ते. चालू ग्रुप १ आणि बदल केले ग्रुप २ मध्ये, असं सर्रास होतं. मग गुरुवारी प्लांट बंद असताना इंजेक्शन किट (रिलेत मोजका करंट सोडून तपासायचं यंत्र) लावा. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी १ अँपिअर, पिकअप ०.८ आणि आयईसी स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्ह असेल तर १.६ अँपिअर सोडल्यावर साधारण १ सेकंदात ट्रिप मिळायला हवा. २ सेकंद लागले तर आत अजून ०.२ च आहे.

बाकी, हा ०.१ काढला कुणी? खालच्या ट्रान्सफॉर्मर फीडरलाही तोच टीएमएस आणि तेवढाच पिकअप असेल तर फॉल्टला दोन्ही ब्रेकर बरोबरच उडतील आणि अख्खा प्लांट बसेल. फीडरची सेटिंग्ज इथे टाका, मग बघू.