बाबांच्या साठ कॅसेट आणि भरलेला लॅपटॉप

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या बाबांनी १९७८ ते १९९४ या काळात मिरजेत आणि आसपास झालेल्या मैफली स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवल्या. उरुसातली दर्ग्यातली सभा, कुणाच्या माडीवरची बैठक, गणेशोत्सवातलं गाणं, असं सगळं. नव्वद मिनिटांच्या साठ कॅसेट आहेत. गेल्या वर्षी एका दुकानातून त्या डिजिटल करून घेतल्या. दुकानदाराने २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइल दिल्या. फोल्डर १७४ जीबीचा आणि लॅपटॉप २५६ जीबीचा, त्यामुळे आता विंडोजचं अपडेटही बसत नाही. दुकानदार म्हणतो, सगळं १२८ च्या एमपीथ्रीत घ्या आणि वेव्ह पुसून टाका, कानाला फरक कळत नाही. तसं करू का? बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांना हे विचारायला जीभ रेटत नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : एमपीथ्री जरूर करा, पण वेव्ह पुसू नका. निदान हे पान पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नाही.

माझी एक गोष्ट आधी सांगते. २००४ साली माझ्या संगणकात ४० जीबीची डिस्क होती. आमच्या बाईंच्या शिकवणीच्या चार तासांच्या फाइल त्यात होत्या. जागा हवी म्हणून मी त्या ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटांच्या, एमपीथ्रीत बसवल्या आणि मूळ फाइल काढून टाकल्या. कॅसेट होत्याच की, असं वाटलं. दोन पावसाळ्यांनी कपाट उघडलं तर कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली. आज माझ्याकडे बाईंचा जो तानपुरा उरला आहे, तो पाण्याखाली वाजल्यासारखा ऐकू येतो. जवारीची ती झणक गेली ती गेलीच. त्या चार तासांत बाई एका ठिकाणी माझ्यावर रागावल्या आहेत. ते रागावणंसुद्धा मला स्वच्छ ऐकता येत नाही.

म्हणून जागेचा हिशेब मांडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते : ही फाइल उद्या गेली तर जगात दुसरीकडे कुठे मिळेल का? सिनेमाची गाणी मिळतील. भीमसेनजींच्या किंवा किशोरीताईंच्या प्रकाशित ध्वनिमुद्रिका मिळतील. त्या खुशाल लहान करा. बाबांनी १९८३ मध्ये कुणाच्या माडीवर बसून टिपलेलं गाणं मात्र फक्त तुमच्याकडे आहे. त्याचं मूळ राखायचं, फक्त ते लॅपटॉपवर राखायचं नाही.

आता तुमचा आकडा एवढा मोठा का झाला ते पाहू. ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९६,००० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं. प्रत्येक माप २४ बिटांचं, म्हणजे ३ बाइटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. सेकंदाला ५,७६,००० बाइट झाले, म्हणजे तासाला दोन जीबीहून थोडं जास्त. तुमचे तास ९०. दुकानदाराने काही चुकीचं दिलेलं नाही, उलट जपणुकीसाठी हेच माप योग्य आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही किमान २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ सांगितलं आहे आणि जमल्यास ९६. कॅसेटमध्ये तेवढं बारकाव्याचं सामान नसतं हे खरं. पण पुढे कधी कुणी जाणकार माणूस टेपची सरसर कमी करायला बसला, तर त्याला ही जास्तीची जागा कामाला येते. (२५६ जीबीचा लॅपटॉप विंडोज २३८ म्हणून दाखवतं, त्यातही कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.)

पहिलं काम, वेव्हची फ्लॅक करा. २००१ पासूनचा हा फॉर्मॅट फुकट आहे आणि त्यात आवाजाचा एक कणही जात नाही. आधीच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतो. वाजवताना तेच गणित उलटं करून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. तानपुऱ्याचा अंदाज सहज बांधता येतो, टेपच्या सरसरीचा येत नाही. त्यामुळे सरसर जितकी जास्त, तितकी फाइल कमी आकसते. तुमच्याकडे मूळच्या निम्मं ते दोन तृतीयांश उरेल असं धरून चला. हे काम फ्री-एसी किंवा फूबार २००० या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. आख्खा फोल्डर द्यायचा आणि रात्रभर चालू ठेवायचं. पण लॅपटॉपवर जागाच नाही, तेव्हा तयार फ्लॅक थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवर पडतील असं ठरवून द्या.

एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या. एक नाही, दोन. एक घरी आणि दुसरी बहिणीकडे, मित्राकडे, कुठेही, पण वेगळ्या छताखाली. मिरज-सांगलीकरांना कृष्णेच्या पुराबद्दल मी काय सांगणार? वर्षातून दोनदा त्या लावून बघा. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षांचा भरवसा टाकू नका. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची एक खूणगाठ, एमडीफाइव्ह, साठवलेली असते. फूबारमध्ये फाइल तपासायची सोय आहे, ती त्या खुणेशी आवाज ताडून बघते. दोन्ही डिस्कवरच्या सगळ्या फाइल तपासून झाल्या, त्यातल्या पाच-सहा तुम्ही स्वतः शेवटपर्यंत ऐकल्या, की मगच वेव्ह पुसा. आणि कॅसेट टाकून देऊ नका. कोरड्या जागी, उभ्या ठेवा.

आता लॅपटॉपवर ऐकायची प्रत. इथे हात मोकळा सोडायला हरकत नाही, कारण मूळ सुरक्षित आहे. माझी पसंती ओपस या फॉर्मॅटला. हा २०१२ मध्ये प्रमाणित झाला, कमी जागेत एमपीथ्रीपेक्षा बराच चांगला वाजतो आणि फोनवर, व्हीएलसीवर चालतो. बाबांचा टेपरेकॉर्डर एका माइकचा असणार, म्हणजे मैफल मोनोच, एकाच चॅनलची. मग ६४ केबीपीएस मोनो ओपस पुरे. तासाला साधारण २९ एमबी, ९० तासांना २.६ जीबी. १७४ चे २.६.

पण मोनो करताना एक खाच आहे. डावा आणि उजवा चॅनल मिसळून मोनो करू नका. दुकानातल्या डेकचं हेड फितीला किंचित जरी तिरकं लागलं असेल, तरी दोन चॅनलमध्ये बारीकसा काळाचा फरक पडतो. मिसळल्यावर वरचे सूर एकमेकांना खातात आणि गाणं गोधडीआडून आल्यासारखं होतं. हेडफोन लावून एकेक बाजू ऐका. जिच्यात फीत कमी ठिकाणी गचकते, ती एकच बाजू घ्या. ऑडॅसिटीमध्ये स्टिरिओ ट्रॅक फोडून हे करता येतं.

६४ पुरे हे माझ्या शब्दावर मानू नका. एक मिनिट नुसता तानपुरा आणि एक मिनिट तबल्याचं तिरकिट काढा. मूळ, ६४, ९६ अशा तीन प्रती करा आणि घरातल्या कुणाला तरी नाव न सांगता वाजवायला सांगा. दाबलेल्या आवाजाचं पितळ या दोनच ठिकाणी उघडं पडतं. तानपुऱ्यात स्वरांचे अंश इतके दाट असतात की थोड्या बिटांत ते बसत नाहीत आणि खळखळ सुरू होते. तबल्याचं कारण वेगळं. एमपीथ्री आवाज ११५२ मापांच्या तुकड्यांत घेतो. ४४.१ किलोहर्ट्झला असा तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. जागा वाचवायला बारकावे गाळताना झालेली चूक तुकड्याच्या आत पसरते, म्हणजे थाप पडण्याच्या आधीच तिची धूळ ऐकू येते. कानाला फरक कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुधा बंदिशीचे शब्दच ऐकलेले असतात.

जागा वाचवायची म्हणून मैफल कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. सुरुवातीचं तानपुरे जुळवणं, मधलं पाणी पिणं, कुणाचं तरी ‘क्या बात है’, हे सगळं गाण्यातच येतं. त्या दाद देणाऱ्यांत तुमच्या बाबांचा तरुणपणीचा आवाज असणार, कारण माइक त्यांच्याच मांडीवर होता. कापायचं ते कॅसेटच्या शेवटचं कोरं. बैठक ३५ मिनिटांत संपली आणि फीत पुढे दहा मिनिटं नुसती सरसरत राहिली, तर वेव्हमध्ये तेवढीच ३४५ एमबी जातात. साठ कॅसेटच्या १२० बाजू आहेत, तेव्हा ही जागा थोडीथोडकी नाही.

आणि बाबांना विचाराच, पण वेगळं विचारा. दुकानाने फाइलना ‘साइड ए ०१’ अशी नावं दिली असतील. संध्याकाळी एकेक बाजू लावा, बाबांच्या शेजारी वही घेऊन बसा. कोण गातंय, राग कुठला, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुणाच्या घरी, पावसाळा होता की थंडी. फ्लॅकमध्ये हे सगळं फाइलच्या आतच लिहून ठेवता येतं, एमपीथ्रीटॅग नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. डिस्क पुढच्या महिन्यात घेतली तरी चालेल, वही आज घ्या.

प्रश्न : आजोबांच्या ७८ आरपीएमच्या चाळीस तबकड्या भावाने डिजिटल केल्या. वेव्ह फाइल स्टिरिओ आहेत. तबकड्या तर मोनो. अर्धी जागा उगाच जाते ना? मोनो करून टाकू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमचा तर्क बरोबर, पण घाई नको. ७८ च्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं आणि थोडं वर मावतं. ऐंशी बाजूंचं सगळं मिळून सीडीच्या मापाने (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) तीन जीबीच्या आत येतं, त्यासाठी मूळ बिघडवू नका. स्टिरिओ सुईने खाचेच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या वाचलेल्या असतात. एक भिंत जास्त झिजलेली निघाली, तर दुरुस्ती करणारा दुसरी वापरू शकतो. तो पर्याय ठेवा.

ऐकायच्या प्रतीत मात्र दोन्ही चॅनल मिसळा. वर मिरजेच्या वाचकाला मी नेमकं उलटं सांगितलं, कारण कॅसेटचं दुखणं निराळं. ७८ च्या तबकडीत गाणं आडव्या हालचालीत कोरलेलं असतं आणि खरखरीचा मोठा भाग उभ्या हालचालीतून येतो. मिसळल्यावर ती उभी खरखर बरीचशी वजा होते. इथे मोनो केल्याने जागाही वाचते आणि गाणंही स्वच्छ होतं.

तुम्ही गोव्याचे, म्हणून एक आठवण देते. तुमच्याच केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये एका तबकडीवर कोरून व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीतही जागेचीच अडचण होती. जास्त संगीत मावावं म्हणून ती १६⅔ आरपीएम या मंद गतीला कोरली, तेव्हा कुठे दीड तासाचं संगीत बसलं. त्यात साडेतीन मिनिटं केसरबाईंची.

प्रश्न : माझ्याकडे ३२० केबीपीएसची सहा हजार एमपीथ्री गाणी आहेत, ७२ जीबी. १२८ केली तर २९ जीबीत बसतील. करू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एकदा गाळलेल्यातून दुसऱ्यांदा गाळलं जातं आणि आधीच्या चुकाही खऱ्या आवाजासारख्या जपल्या जातात. फोनसाठी किंवा गाडीसाठी वेगळी प्रत हवी असेल तर करा, पण ३२० ची मूळ प्रत बाहेरच्या डिस्कवर हलवा. गाडीसाठीचा पेन ड्राइव्ह फॅट३२ ने फॉरमॅट करा, बऱ्याच गाड्यांतले प्लेअर दुसरं काही वाचत नाहीत.

त्याआधी दुबार फाइल शोधा. गाणं यादीत घातलं की त्याची एक प्रत आपल्या फोल्डरमध्ये ठेवायची, अशी सोय काही प्लेअरमध्ये असते आणि ती चालू राहून जाते. मग तेच गाणं डाउनलोडमध्येही असतं आणि प्लेअरच्या फोल्डरमध्येही. दोन्ही फोल्डर आकाराच्या क्रमाने लावून शेजारी शेजारी उघडा. एका वाचकाच्या ७२ पैकी ३१ जीबी अशाच निघाल्या होत्या, एकही गाणं न दाबता.