नाशिकमध्ये थेरपिस्ट कसा निवडावा? दोन ठिकाणी जाऊन आले, मोकळं वाटलं नाही.

तुम्ही लिहिलंय की गॅस आणि कडी पुन्हा पुन्हा तपासण्याचा त्रास आहे, कॉलेज रोडला एक आणि इंदिरानगरला एक सेशन करून दोन्ही सोडलं. पहिल्या सेशनला मोकळं वाटत नाहीच हो. तो पाऊण-एक तास झोप, भूक, घरी कोण कोण, आधीची औषधं, जीव नकोसा होतो का, हे विचारण्यातच जातो. जमतंय की नाही हे तीन-चार सेशननंतर ठरवा.

आधी पाटी वाचा. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर; औषध तेच लिहून देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. नुसतं 'काउन्सेलर' असेल तर मागे दोन वर्षांचं एमए असेल किंवा शनिवार-रविवारचा सर्टिफिकेट कोर्सही. एमए करून उत्तम काम करणारे आहेत, पण विचारायला लाजू नका.

फोनवरच फी, सेशन रद्द केल्यास पैसे जातात का, आणि गरज पडली तर कोणत्या सायकिअॅट्रिस्टकडे पाठवता हे विचारून घ्या. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: 'माझ्या त्रासावर नेमकं काय करून घेणार?' तुमचं वर्णन ओसीडीसारखं, म्हणजे नको ते विचार येऊन तीच तीच कृती करावी लागण्याच्या आजारासारखं वाटतं (निदान अर्थात तपासूनच). त्यावर 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' हे नाव समोरून यायला हवं. 'मन शांत ठेवायला शिकवू' एवढंच आलं, तर दुसरीकडे फोन लावा. या पद्धतीत गॅस एकदाच बघून बाहेर पडायचं, फोटो काढायचा नाही, नवऱ्याला फोन करून विचारायचं नाही, आणि बेचैनी आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. साधारण 12 ते 20 सेशन लागतात. 'बंदच असेल, काळजी करू नका' असा धीर देत राहणारा माणूस गोड वाटतो, पण त्यानं तपासण्याची सवय उलट पक्की होते.

विश्वास लागतो तो इथे. बेचैनी सोसायला लावणाऱ्या माणसाला 'हे मला आज झेपणार नाही' असं सांगता आलं पाहिजे. तेव्हा मुद्दाम बोलून बघा: 'मागच्या वेळी तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणालात, त्यानंतर मला पुढचं सांगावंसं वाटलं नाही.' चांगला थेरपिस्ट थांबतो, काय खटकलं ते विचारतो, गृहपाठ लहान करतो. जो चिडतो किंवा 'हाच तुमचा आजार' म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. माझ्या मते भिंतीवरच्या सर्टिफिकेटांइतकीच ही परीक्षा मोलाची.

आणि ओळखीतून जाऊ नका. नाशिक वाढलं तरी गंगापूर रोडवरची प्रत्येक दुसरी व्यक्ती कुणाच्या तरी मावसबहिणीची मैत्रीण निघते. नात्यातल्या काउन्सेलरसमोर सासूबद्दल बोलणार कसं? घरचे सोबत आले तर बाहेर बसवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, लहान मुलाचं लैंगिक शोषण असे अपवाद सोडले, तर बाहेर काही जाता कामा नये. हे अपवाद पहिल्याच भेटीत समजावून सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारा.

दहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरा म्हणणारे, 'तीन आठवड्यांत बरं करतो' म्हणणारे, सेशनमध्ये स्वतःचीच कहाणी लावणारे: नमस्कार करून निघा.

खर्च जमत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवा. तिथे गर्दीमुळे लांब बोलणं होत नाही, पण निदान आणि औषधाचा प्रश्न सुटतो. थेरपी मग वेगळी चालू ठेवता येते. रात्री-अपरात्री फारच घालमेल झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 24 तास मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि थेरपिस्ट बदलायचाच झाला तर जुन्याकडून काय काय करून झालं याची एका पानाची नोंद मागून घ्या, म्हणजे नव्या ठिकाणी झोप-भूक-घरी कोण पासून सुरुवात करावी लागत नाही.