आधी कार्ड की आधी नोंदवही?

तुमचा प्रश्न असा आहे: एखाद्या छोट्या देशाला संगणकीकृत राष्ट्रीय ओळखपत्र आणि जन्म, मृत्यू, विवाहाची नोंदणी अशी एकच व्यवस्था उभारायची असेल, तर नियोजनाची सुरुवात कशापासून करावी?

नोंदवहीपासून करा. कार्ड शेवटी छापा. मी धुळे-नंदुरबार भागात अठरा वर्षं याच कामात आहे. सुरुवातीला जुन्या नोंदी टाइप करायचो, मग आधारची नोंदणी केली, आता तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. म्हणून माझी उदाहरणं इथलीच असतील.

देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच भागात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा त्याच्या ४१ वर्षं आधीचा, १९६९चा. म्हणजे नोंदवही आधीपासून होती, पण आधार तिच्यावर उभं राहिलं नाही. ते लोकांनी दाखवलेल्या कागदांवर उभं राहिलं, आणि कागद नसेल तिथे सांगितलेल्या वयावर. सुरुवातीच्या कितीतरी कार्डांवर पूर्ण तारीख नाही, नुसतं जन्मवर्ष आहे. पाड्यावरची आजी सांगायची, "कापूस येचाना टाईमले जलमनी व्हती पोर." त्यातून मी तारीख कुठून काढणार?

शाळेत हा प्रश्न गुरुजींनी केव्हाच सोडवून टाकला होता. तारीख माहीत नसेल तर १ जून लिहायची. इथल्या कुठल्याही जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, १ जूनला जन्मलेल्यांची रांग दिसेल. गुरुजींचा हेतू चांगला होता, मूल शाळेत बसलं पाहिजे एवढाच. पण तीच तारीख पुढे दाखल्यावर, मग नोकरीत, मग पेन्शनीत गेली.

याचा तुमच्या आराखड्याशी थेट संबंध आहे. स्वीडन, एस्टोनियासारख्या देशांत नागरिकाच्या क्रमांकातच जन्मतारीख असते. जिथे पिढ्यान् पिढ्या जन्म नोंदले गेलेत तिथे ते चालतं. तुमच्या देशात १ जूनवाले असतील तर क्रमांकात तारीख घालू नका. तारीख दुरुस्त झाली की क्रमांक खोटा ठरतो, आणि क्रमांक बदलायचा म्हणजे माणूसच बदलल्यासारखं होतं. आधारचा क्रमांक यादृच्छिक आहे, त्यातून माणसाबद्दल काही कळत नाही. ही गोष्ट त्यांनी उत्तम केली. शेवटचा अंक तपासणीचा असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर संगणक लगेच पकडतो. फोनवर क्रमांक सांगणाऱ्या लोकांसाठी हे फार उपयोगाचं आहे.

आता नावाकडे या, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, बाळाचं नावच नसायचं. अमक्याला मुलगा झाला, एवढीच नोंद, तीही बहुतेक मोडी लिपीत. आजही बारशाआधी जन्म नोंदला जातो आणि नावाची जागा रिकामी राहते. कायद्याने ते नंतर भरता येतं, एका वर्षात फी न देता आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा तुमची नोंद नावाशिवायही पूर्ण जगली पाहिजे. आई-वडिलांच्या क्रमांकाशी ती जोडा.

दुसरं, लिपी. वळवी हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं. पाडवी, वसावे, पावरा यांचंही तसंच. ऑपरेटर बदलला की स्पेलिंग बदलतं. मग शिष्यवृत्तीच्या अर्जात बापाचं आडनाव एक आणि पोरीचं दुसरं. मूळ नोंद माणसाच्या लिपीत ठेवा, इंग्रजी रूप एकदाच ठरवा आणि सगळ्या खात्यांना तेच वापरायला लावा. लग्नानंतर बाईचं नाव बदललं तर जुनं पुसू नका, दोन्ही तारखेसह ठेवा. एका बहिणीला माहेरच्या जमिनीत हक्क सांगताना ती तीच आहे हे सिद्ध करायला दोन वर्षं लागली. तिच्यासोबत मी खेटे घातलेत, म्हणून इतकं कळकळीने सांगतो.

जागेचंही तसंच आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, महाराष्ट्र झाल्यावर त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. एकाच घरात आजोबांचा दाखला पश्चिम खानदेशचा, बापाचा धुळ्याचा आणि नातवाचा नंदुरबारचा, आणि घर जागचं हललेलं नाही. सरदार सरोवरात तर अक्कलकुवा-अक्राणीची गावंच्या गावं गेली. म्हणून प्रत्येक गावाला न बदलणारा कोड द्या, आणि ते कोणत्या काळात कोणत्या जिल्ह्यात होतं याचा वेगळा तक्ता ठेवा.

नियम सांगतो की जन्म जिथे झाला तिथेच नोंदायचा, २१ दिवसांच्या आत. नियम बरोबर आहे. पण सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बाळंतपण तिकडेच होतं. टोळी पुढच्या फडावर गेली की नोंदवायला परत कोण जाणार? नोंद झालीच तर दाखला गुजरातीत येतो. माणूस कुठेही असो, नोंदणीची खबर जवळच्या कुठल्याही कार्यालयात घेता आली पाहिजे आणि ती योग्य निबंधकाकडे व्यवस्थेने पोचवली पाहिजे. संगणकाचा खरा फायदा मला इथे दिसतो.

मृत्यूची नोंद मात्र लोक गरज पडली की करतात. सातबाऱ्यावर वारस लावायचा असतो, विमा असतो. जिच्या नावावर जमीनच नाही, त्या बाईच्या मृत्यूची नोंद करायला घरच्यांना कारण उरत नाही. तेव्हा अंत्यविधीची मदत किंवा तत्सम काही ताबडतोब मिळेल अशी सोय नोंदीशी जोडा. आणि मृत्यू नोंदला की मतदार यादी, रेशन, पेन्शन सगळीकडे खबर आपोआप जाऊ द्या, पण नाव कापण्याआधी घरच्यांना नोटीस मिळू द्या. जिवंत माणसाला मृत दाखवलं गेलं तर त्याला आपण जिवंत आहोत हे सांगायला सुद्धा कार्डच मागतात.

बोटांच्या ठशांवर सगळा भार टाकू नका. ऊसतोड करणाऱ्यांचे, म्हाताऱ्यांचे ठसे झिजतात, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. डोळ्यांचा पर्याय, त्यानंतर ओळखीच्या जबाबदार माणसाची साक्ष, असा उतरता क्रम कायद्यातच लिहा. धडगावकडे डोंगरात रेंज जाते, म्हणून जागेवर नोंद घेऊन नंतर पाठवणारं यंत्र लागेल.

कायद्याबद्दल थोडक्यात. ब्रिटनने ओळखपत्राचा कायदा २००६ साली केला आणि २०१०ला सरकार बदलल्यावर त्याच वर्षी तो रद्द झाला. आपल्याकडे आधारचा कायदा २०१६ला आला, म्हणजे टेंभलीनंतर सहा वर्षांनी, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बँक खातं आणि मोबाइलसाठीची सक्ती काढली. कार्ड कुठे मागता येईल आणि कुठे नाही, हे पहिलं कार्ड छापण्याआधी ठरलेलं असावं. आपल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ला दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदार नोंदणी यांसाठी जन्माचा दाखला हाच पुरावा. नोंदवहीचं महत्त्व इतक्या उशिरा मान्य झालं. तुम्ही तिथूनच सुरू करू शकता.

आणि पैशाचा हिशेब मांडाल तेव्हा नोंदणीपेक्षा दुरुस्तीला जास्त माणसं द्या. माझ्या केंद्रात नव्या नोंदीसाठी एक माणूस येतो तेव्हा दुरुस्तीसाठी चार उभे असतात, आणि त्यातले निम्मे त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले असतात. साधी अक्षराची चूक गावातच ग्रामसेवकाच्या पातळीवर, किती दिवसांत दुरुस्त होईल, हे आराखड्यात आकड्याने लिहा. आधी दोन गावं घ्या, एक शहराजवळचं आणि एक डोंगरातलं, आणि तिथली जुनी वही समोर ठेवून पूर्ण वर्षभर हे चालवून पाहा. ऊसतोडीला गेलेली माणसं परत येईपर्यंत तरी निष्कर्ष काढू नका.