साउथ क्रॉफ्टीच्या खाणीतलं कथील १९९८ मध्ये खरंच संपलं होतं का?

प्रश्न असा आहे: "कॉर्नवॉलमधली साउथ क्रॉफ्टी ही कथिलाची खाण धातुक संपल्यामुळे १९९८ मध्ये बंद पडली असं वाचलं. मग आता ती पुन्हा का उघडतायत? परवडेल का?"

धातुक संपलं नव्हतं. हे "संपलं" वाचलं की डोकं तापतं, कारण खाण बंद पडली की लोक सरसकट दोष जमिनीला देतात. २४ ऑक्टोबर १९८५ ला आंतरराष्ट्रीय कथील परिषदेचे पैसे संपले, दर सावरून धरणारं कुणी उरलं नाही आणि भाव निम्म्याच्याही खाली कोसळला. कॉर्नवॉलमधल्याच इतर कथील खाणींपैकी गीव्हर १९९० मध्ये गेली, व्हील जेन १९९१ मध्ये. साउथ क्रॉफ्टीने ६ मार्च १९९८ पर्यंत दम धरला. पंप थांबले की कॉर्नवॉलची खाण आपोआप भरते, आणि भरलेली खाण पुन्हा उपसायची म्हणजे आधी त्या पाण्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं. व्हील जेनचं आम्लयुक्त, लोहाचं पाणी जानेवारी १९९२ मध्ये फुटून बाहेर आलं आणि फाल नदीच्या खाडीपर्यंत नारिंगी पट्टा उमटला. म्हणून आता क्रॉफ्टीत उपशाआधी जलशुद्धीकरण केंद्र उभारावं लागलं.

साउथ क्रॉफ्टी ज्यात आहे त्या कॅम्बोर्न-रेडरूथ पट्ट्यात तर "संपलं" हा निकाल आधीही एकदा खोटा ठरला आहे. शेजारची डॉलकोथ ही मुळात तांब्याची खाण. खोलीत तांबं विरळ झालं तेव्हा बरेच जण गाशा गुंडाळायला निघाले होते. कॅप्टन चार्ल्स थॉमस यांनी आणखी खाली खणायचा आग्रह धरला, आणि तांब्याच्या खालीच कथील लागलं. १८६६ मध्ये तांब्याचा बाजार बसला तेव्हा या पट्ट्याला त्यानेच तारलं.

आता खरा मुद्दा. खाणीचं नशीब शिरेत, म्हणजे खडकातल्या धातुकाच्या पट्ट्यात, जेवढं ठरतं तेवढंच धुण्याच्या कारखान्यात ठरतं. कॅसिटेराइट या कथिलाच्या खनिजाची घनता सातच्या आसपास, सोबतच्या गारगोटीची २.६५. त्यामुळे पाण्यात दोन्ही सहज वेगळी व्हायला हवीत. पण कॅसिटेराइट ठिसूळ आहे. मुसळांखाली गरजेपेक्षा जास्त कुटलं की त्याचं पीठ होतं, आणि १० मायक्रॉनच्या खालचा कण हलत्या टेबलावर थांबतच नाही, गाळासोबत वाहून जातो. म्हणून एकदम बारीक करू नये: थोडं कुटा, चाळा, सुटलेलं कथील लगेच काढून घ्या, उरलेलंच पुन्हा कुटा. हा नियम मोडल्याचा पुरावा म्हणजे याच पट्ट्यातली रेड रिव्हर ही नदी. वरच्या खाणींनी सोडलेला लाल गाळ धुऊन खालच्या अंगाला कितीतरी लोकांनी पिढ्यानपिढ्या कथील काढलं.

दुसरी अडचण सोमलाच्या (आर्सेनिकच्या) खनिजाची. आर्सेनोपायराइटची घनता सहाच्या आसपास, म्हणजे पाण्याला त्याच्यातला आणि कॅसिटेराइटमधला फरक नीट कळत नाही. उपाय भट्टीचा: मिश्रण भाजायचं, गंधक आणि सोमल धुरातून जातात, मागे उरतं ते सच्छिद्र, हलकं लोहाचं ऑक्साइड. पुन्हा धुतलं की तेही निघून जातं. धूर वळणावळणाच्या दालनांतून नेला की भिंतींवर पांढरा सोमल जमतो. तो खरवडणारी माणसं नाकात कापूस कोंबून, अंगाला चिकणमाती लावून आत शिरायची.

माझं जुनं भांडण आहे ते धातुकात किती कथील आहे हे तपासणाऱ्या कॉर्निश फावड्याला "अडाणी पद्धत" म्हणणाऱ्यांशी. रुंद, किंचित खोलगट फावड्यावर मूठभर कुटलेलं धातुक घ्यायचं, पाण्याने चिखल काढायचा, गोल फिरवून झटका द्यायचा, सुपात पाखडल्यासारखा. काळपट तपकिरी कथिलाची चंद्रकोर कडेला जमते. ती भाजायची, पुन्हा पाखडायची, लोह चुंबकाने उचलायचं, मग वजन. प्रयोगशाळेचा आकडा याहून मोठा येतो, कारण रसायन पिठासकट सगळं मोजतं. फावडं मोजतं ते कारखान्याच्या हाती लागणारं कथील. पगार नफ्यातून द्यायचे असतील तर फावड्याचा आकडा जास्त कामाचा. अर्थात आज बारीक कणांसाठी तरंगण पद्धत (हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून कण वर आणायची) आहे, त्यामुळे फावडं आता पूर्ण निकाल देत नाही, हे मान्य.

परवडेल का, हे तुम्ही विचारलंत. दर टिकला तर. पण अशा कंपनीची कागदपत्रं वाचताना फक्त धातुकातल्या कथिलाची टक्केवारी बघू नका. कण किती बारीक केल्यावर सुटतो आणि त्यातलं किती हाती लागतं, हे दोन आकडे शोधा. नसतील तर मागा.