कुलूपबंद फ्लॅट आणि दुसऱ्या फ्लॅटचे पत्रक

निवृत्तीचे पैसे हातात आले की पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास निघतो: फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर महिन्याचा खर्च निघेल का? आर्थिक समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी दर महिन्याला दोन-तीनदा ऐकते. सहकारनगरमधल्या एका दांपत्याने तो ज्या रीतीने विचारला, ती मात्र लक्षात राहिली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि त्यांना इथे काका-काकू म्हणते.

काका साठाव्या वर्षी एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झाले होते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि जुन्या ठेवी मिळून ६८ लाख रुपये होते, आणि पेन्शन जेमतेम साडेतीन हजार. त्यांच्या कापडी पिशवीत आंबेगाव बुद्रुकमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे पत्रक होते. किंमत ६० लाख, आणि त्याखाली एजंटने पेनाने लिहिले होते: ‘भाडे १९,००० पक्के’. काकांचा हिशेब सरळ होता, की वर्षाला २,२८,००० म्हणजे ३.८ टक्के मिळतील, शिवाय फ्लॅटची किंमत वाढत राहील. काकूंची काळजी वेगळी होती. “मॅडम, भाडेकरूने घर बळकावले तर? यांच्या मामांची गिरगावातली खोली तशीच गेली.”

याच बोलण्यात सहज कळले, की धायरीला त्यांचा एका बेडरूमचा एक फ्लॅट आधीपासूनच आहे आणि तो चार वर्षे कुलूपबंद आहे. बंद का, तर हीच भीती. एक फ्लॅट भाडेकरूच्या भीतीने बंद ठेवायचा आणि भाड्यासाठीच दुसरा विकत घ्यायचा, ही विसंगती दोघांच्याही ध्यानात आलेली नव्हती. हसू आले, पण अशी घरे मी इतकी पाहिली आहेत की आश्चर्य वाटले नाही.

काकूंची भीती निराधार नव्हती, हे मी आधी सांगितले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली होती. त्यातून सुटण्यासाठी मालक लोक भाडेकराराऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) करू लागले, तेव्हा १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी दिलेली घरे पिढ्यान्‌पिढ्या परत आली नाहीत, ती कित्येकदा अशाने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि चित्र बदलले. आता राहण्यासाठी लायसन्सवर दिलेले घर मुदत संपूनही सोडले नाही, तर मालकाला दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी ग्राह्य धरले जाते. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून ‘झाला करार’ म्हणणारे लोक दोन हजार रुपये वाचवून हे सगळे संरक्षण घालवतात. धायरीच्या फ्लॅटला येऊ शकेल अशा अकरा हजारांच्या भाड्यावर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क तीनशे-चारशेच्या घरात येते आणि शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार. अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरीच येतो.

म्हणजे काकूंची भीती दोन हजारांत आटोक्यात येणारी होती. ज्याची भीती वाटायला हवी होती, तो आकडा पत्रकावर नव्हताच. मी कोरा कागद घेतला आणि काकांनाच लिहायला सांगितले. ६० लाखांवर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क धरले, म्हणजे ४,२०,०००. नोंदणी ३०,०००, दलाली एक टक्का धरून ६०,०००, सोसायटीचे हस्तांतर शुल्क २५,०००, आणि पंखे, गीझर, कपाटे, ग्रिल मिळून किमान दोन लाख. फ्लॅट ६७,३५,००० ला पडला. ६८ लाखांतून उरले ६५ हजार. काकूंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी वर्षभराने सुचवली आहे, हे त्याच वेळी बाहेर आले.

मग भाड्याची बाजू. वर्षातला एक महिना घर रिकामे धरले की जमा २,०९,००० होते. त्यातून सोसायटीची देखभाल ३०,००० गेली. स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी जो आकार घेते, त्यावर राज्यात सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. तो ३,००० धरला. मालमत्ता कर १४,०००, कारण स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका देते ती ४० टक्क्यांची सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही. रंगरंगोटी आणि दुरुस्तीचे सरासरी १५,०००, आणि दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलेल असे मानून दलालीचे ९,५००. शेवटी १,३७,५०० उरले, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर दोन टक्क्यांहून किंचित जास्त. काकांनी बेरीज दोनदा तपासली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तुलनेसाठी मी एकच आकडा दिला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हा ८.२ टक्के व्याज होते आणि एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येत होती. तेवढ्या रकमेवर वर्षाला २,४६,०००, दर तिमाहीला ६१,५०० खात्यात. म्हणजे निम्म्याहून कमी पैशात जवळजवळ पावणेदोन पट उत्पन्न, आणि नळ गळाल्याचा फोन नाही. फ्लॅटवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. योजनेचे व्याज पूर्ण करपात्र असते, तर भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडे महागाईबरोबर वाढते, ठेवीचे व्याज मुदतभर तेच राहते. किंमतही वाढू शकते. पण ती वाढ विकल्यावरच हातात येते, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर द्यावा लागतो, आणि शस्त्रक्रियेच्या आधी आठ दिवसांत एक बेडरूम विकता येत नाही. पस्तिशीतला, पगार चालू असलेला माणूस हेच पत्रक घेऊन आला असता तर मी वेगळे बोलले असते. त्याला म्हणाले असते, की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेलाच फ्लॅट बघ, एजंटच्या भाड्यावर विश्वास न ठेवता त्याच इमारतीतल्या तीन भाडेकरूंना विचार, आणि रात्री आठ वाजता समोर उभा राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोज.

काका-काकूंना मी एवढेच सुचवले, की आंबेगावचा निर्णय एक वर्ष थांबवा आणि धायरीचे कुलूप उघडा. जे घर आहे त्यावर वर्षभर घरमालकी करून पाहा. त्या बंद घरानेही चार वर्षांत देखभाल आणि कर मिळून ९८,००० खाल्ले होते आणि अकरा हजारांच्या दराने सव्वापाच लाखांचे भाडे बुडाले होते.

कुलूप सहजासहजी उघडले नाही. काकांना तेल घालावे लागले. आत न्हाणीघराच्या जाळीतले पाणी आटल्याने गटाराचा वास भरला होता आणि स्वयंपाकघराची खिडकी फुगून बसली होती. दुरुस्ती झाली आणि कॉलेजात नोकरी करणारे एक जोडपे अकरा हजारांवर आले. करार नोंदवला, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली, चाळीस हजार अनामत घेऊन ती वेगळ्या खात्यात ठेवायला मी सांगितले. अनामत खर्च करून टाकणे ही नव्या घरमालकांची नेहमीची चूक, आणि घर रिकामे होताना भांडण बहुधा तिथूनच सुरू होते. नऊ महिन्यांनी त्या जोडप्याची बदली झाली. घर महिनाभर रिकामे राहिले आणि मग दुसरे कुटुंब साडेअकरा हजारांवर आले.

वर्षाने दोघे परत आले तेव्हा काकूंच्या वहीत १,२२,००० जमा आणि ६१,४०० खर्च अशी नोंद होती. पहिल्या वर्षीचा खर्च जास्तच असतो, हे मी सांगण्याआधी त्यांनीच सांगितले. ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत होते, शस्त्रक्रियेचे पैसे बँकेत होते, एका गुडघ्याचे काम झालेही होते. आंबेगावचा विषय काकांनी काढला नाही. पत्रक मात्र अजून पिशवीतच होते. त्याच्या कोऱ्या बाजूवर काकूंनी प्लंबरचा नंबर आणि ‘गीझर – पाणी कोमट येते’ असे लिहून ठेवले होते, आणि इथून दोघे धायरीलाच निघाले होते.